घरगुती लेझर-प्रक्षेपक : सांगाडा आणि पोशाख

घरी बांधलेल्या लेझर-प्रक्षेपकांचे जे नमुने अलीकडे समोर येत आहेत, त्यांत टाकाऊ उपकरणांच्या पेट्यांना आलेली प्रतिष्ठा जितकी लक्षणीय आहे तितकीच संशयास्पदही आहे. जुन्या ऑसिलोस्कोपची, म्हणजे विद्युत्-संकेताचा आकार पडद्यावर रेखाटणाऱ्या मापनयंत्राची, पेटी मिळवायची, नाहीतर फौजी दारूगोळ्याचा पत्र्याचा डबा शोधायचा, त्यात बाजारातून आणलेले लाल-हिरवे-निळे तयार लेझर-मॉड्यूल चार स्क्रूंनी बसवायचे, मूळची बटणे शोभेसाठी तशीच ठेवायची आणि या जुळणीला पुनर्वापराची कला म्हणायचे, अशी रीतच पडली आहे. अशा कामात पेटी हा निव्वळ पोशाख असतो. ती बदलून दुसरी चढवली तरी भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशात काडीचाही फरक पडत नाही. ज्या परंपरेचा वारसा ही मंडळी सांगतात तिच्यात मात्र प्रकाशाचा दर्जा बऱ्याच अंशी पेटीवरच ठरत असे.

याचे कारण प्रक्षेपकाच्या अंतर्रचनेतच आहे. तीन रंगांचे झोत डायक्रोइक आरशांनी, म्हणजे एक रंग परावर्तित करून दुसरा आरपार जाऊ देणाऱ्या काचांनी, एका रेषेत आणले जातात आणि मग एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन गॅल्व्हनोमीटरांवरील इवल्या आरशांवर पडतात. एक आरसा झोताला आडवा हलवतो, दुसरा उभा. यांतली एक काच एक मिलिरेडियनने, म्हणजे अंशाच्या सुमारे सतराव्या हिश्शाने, कलली तर परावर्तित झोत त्याच्या दुप्पट वळतो आणि दहा मीटरांवरच्या भिंतीवर तो रंग दोन सेंटिमीटर बाजूला सरकतो. पातळ पत्रा उष्णतेने एवढा सहज वाकतो. म्हणून जाणते कारागीर पेटीच्या तळाशी जाड ॲल्युमिनियमची पाटी घालतात, ती रबरी गुटक्यांवर तरंगती ठेवतात आणि पेटीचा ताण काचांपर्यंत पोहोचू देत नाहीत. सुपरमार्केटमधल्या जुन्या बारकोड-वाचकांतून काढलेल्या हेलियम-निऑन नळ्या आणि भंगारात निघालेल्या लेझर-छपाई यंत्रांतल्या आरगॉन नळ्या यांवर ज्यांनी हात बसवला, त्यांना तर पेटीशी वाटाघाट केल्यावाचून गत्यंतरच नव्हते. लांब नळी आखूड पेटीत मावावी म्हणून झोताचा मार्ग आरशांनी दुमडावा लागे, आणि वॅटच्या दहाव्या हिश्शाएवढ्या प्रकाशासाठी किलोवॅटच्या घरात वीज खाणाऱ्या आरगॉनला वारा कुठून द्यायचा हे पेटीच्या मूळ झरोक्यांवरून ठरवावे लागे. या अडचणीतून जी मांडणी निघे ती प्रत्येक यंत्राची स्वतःची असे, आणि जाणकार डोळ्याला ती झाकण न उघडताही रेषेत दिसे.

या सगळ्या उद्योगात आज खरोखर जिवंत असलेली एकच धारा आहे : आवाजाचा विद्युत्-दाब थेट आरशांना देणारी. ऑसिलोस्कोपच्या पेटीत प्रक्षेपक बांधण्याला अर्थ आहे तो फक्त इथे, कारण त्या पेटीत पूर्वी इलेक्ट्रॉनांचा झोत जे करत होता तेच आता आरशांवरून आलेला प्रकाश करतो. काम तेच, माध्यम नवे. झ्यूल लिसाजू या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १८५७ च्या सुमारास कंप पावणाऱ्या दोन स्वरकाट्यांना आरसे चिकटवून प्रकाशाची वेटोळी भिंतीवर पाडली तेव्हाच या प्रक्षेपकाचे तत्त्व पूर्ण झाले होते. १९६९ मध्ये लॉवेल क्रॉस, कार्सन जेफ्रीज आणि डेव्हिड ट्यूडर यांनी कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात आणि पुढच्याच वर्षी ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात पेप्सीच्या दालनात जे दाखवले, त्यात लिसाजूच्या काट्यांची जागा संगीताने आणि प्रयोगशाळेतल्या दिव्याची जागा लेझरने घेतली होती. ऑस्ट्रेलियाचा रॉबिन फॉक्स आणि नेदरलँड्सचा एडविन व्हान डर हायडे यांनी हे सूत्र आजवर ताणून नेले आहे. तिथे चित्र संगीताला साथ देत नाही. जो संकेत कर्ण्यातून ऐकू येतो तोच आरशांना हलवतो, आणि स्वरांचे प्रमाण तीनास दोनावरून तसूभर ढळले की भिंतीवरची आकृती सावकाश फिरू लागते. बेसूरपणा येथे डोळ्यांना दिसतो. घरगुती कारागिराला या धारेत शिरकाव सोपा आहे, कारण संगणकाच्या साध्या ध्वनी-कार्डातले स्थिर दाब अडवणारे धारित्र वगळले की तेच कार्ड आरशांना पुरेसा संकेत देऊ शकते. जुने, अभिप्रायाविना चालणारे गॅल्व्हनोमीटर, म्हणजे आरसा प्रत्यक्षात कुठे पोहोचला हे परत न सांगणारे, कोपऱ्यावर किंचित पुढे घसरून थरथरतात; त्या थरथरीत काढणाऱ्या हाताचा भास होतो आणि तो कोणत्याही संगणकीय प्रतिमेत येत नाही.

धुरात हिरवे पंखे उघडझाप करणारे यंत्र बांधणाऱ्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नावे आणि बोधचिन्हे भिंतीवर लिहिणारे सुबक काम करतात, पण ते पाटी रंगवणाऱ्याचे काम आहे. सेकंदाला ३०,००० बिंदूंचा आंतरराष्ट्रीय चाचणी-नमुना आपल्या आरशांनी न गोलावता काढला याचा अभिमान मिरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १,२०० बिंदू येतात, आणि बहुतेकांना त्यांत काय काढायचे हेच सुचलेले नसते.

खरे दुखणे वॅटचे आहे. २०१० मध्ये कॅसिओच्या सभागृही प्रक्षेपकांत चोवीस निळे लेझर-डायोड सापडले आणि ते उपटून काढण्याची लाट आली, तेव्हापासून घरगुती प्रक्षेपकाची थोरवी वॅटमध्ये मोजली जाऊ लागली. हे मोजमाप कलेच्या दृष्टीने निरर्थक आहे आणि विज्ञानाच्या दृष्टीने फसवे. मानवी डोळा ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला ५२० नॅनोमीटरच्या हिरव्याच्या सुमारे अठराव्या हिश्शाइतकाच प्रतिसाद देतो. म्हणजे निळा वॅट मंद दिसतो, पण दृष्टिपटलावर पडणारी ऊर्जा मात्र पुरी वॅटभर असते. शिवाय या डायोडांचा झोत चपटा आणि जाड असतो, भिंगांनी सुधारला तरी रेषा फिसकटते, आणि रेषा गेल्यावर उरतो तो नुसता झगमगाट.

अर्धा वॅट ओलांडला की प्रक्षेपक चौथ्या, सर्वांत धोकादायक, वर्गात जातो आणि पापणी मिटण्यास लागणारा पाव सेकंद डोळा वाचवण्यास पुरत नाही. स्वतः पेटी बांधणाऱ्याला झाकण उघडताच झोत तोडणारा खटका आणि आरसे अडकल्यास लेझर बंद करणारे मंडल यांचा विचार करावा लागतो, कारण सोल्डरिंग करताना पहिला डोळा त्याचाच असतो. सीलबंद खोका भाड्याने आणून मिरवणुकीत गर्दीवर रोखणाऱ्याला तो करावा लागत नाही. महाराष्ट्रात विसर्जन मिरवणुकांनंतर दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली, ती रास्तच होती. मात्र तिचे निमित्त करून घरगुती कारागिरांनाच बेजबाबदार ठरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

मोठ्या जागेला मोठी शक्ती लागतेच, हा युक्तिवाद यावर नेहमी पुढे केला जातो. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हन ड्रायरने ‘लेझेरियम’चा पहिला प्रयोग केला तो तारांगणाच्या अख्ख्या घुमटावर, आणि त्यासाठी त्याच्याजवळ होता सुमारे एका वॅटचा एकच क्रिप्टॉन लेझर, ज्याचे लोलकाने लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार वाटे केले होते. घुमट अंधारा ठेवला होता, आणि यंत्रावर बसलेला माणूस प्रत्येक प्रयोगात रेषा नव्याने वाजवत होता.