कर्णाची बाजू आणि द्रौपदीचं प्रकरण

‘त्या काळी तसंच चालायचं’ हे वाक्य आपल्याकडे कादंबरीवरच्या बोलण्यात फार लवकर येतं. राजाने भावाचे डोळे काढले, सरदाराने सूडापोटी गाव जाळलं, राजकन्येचं लग्न तिला न विचारता शत्रूशी लावून दिलं, की बचावाला पहिलं वाक्य हेच. ऐतिहासिक कादंबरीपुरता त्यात थोडा तरी दम आहे, कारण तो काळ लेखकाने घडवलेला नसतो. पण किल्ले, तलवारी, राजघराणी आणि चेटूक घेऊन उभ्या राहणाऱ्या कल्पित मध्ययुगाला ही सबब चालत नाही. तिथला काळ लेखकानेच रचलेला असतो. ज्या जगात ड्रॅगन उडतात त्याच जगात मुलीला गादीचा वारसा मिळत नाही, तर तो नियम लेखकाने निवडून ठेवलेला आहे. म्हणून अशा कादंबरीत निवाडा दोनदा करावा लागतो. पात्राचा त्याच्या जगातल्या रीतीने, आणि लेखकाचा आपल्या.

मराठीत हा दुसरा निवाडा जवळजवळ होतच नाही. पहिला होतो, पण त्याला एक वाईट खोड लागलेली आहे. ती कुठून आली ते पाहायला थोडं मागे जावं लागेल.

भालचंद्र नेमाडे आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. मराठी कादंबरीच्या प्रेरणा तपासताना त्यांनी तीन वाटा दाखवल्या. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ची (१८५७) वास्तवाची वाट, लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या ‘मुक्तामाला’ची (१८६१) कल्पनारम्य वाट आणि रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ची (१८७१) इतिहासाची वाट. यातली मधली वाट समीक्षेने फारशी मानली नाही. ‘मुक्तामाला’, ‘रत्नप्रभा’, ‘मंजुघोषा’ यांच्यातले राजपुत्र, कपटी प्रधान, पळवलेल्या नायिका आणि योगायोग यांच्यावर झालेली टीका बरीचशी रास्तही होती. वि. का. राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत कादंबरीचा विचार गांभीर्याने केला. हे राजवाडे पुढे धुळ्यात राहिले, तिथेच १९२६ साली वारले, आणि त्यांचा कागदपत्रांचा संग्रह आजही धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. त्यांनी उघडलेली चर्चा मात्र पुढे म्हणावी तशी वाढली नाही.

त्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांत सदोष माणूस नव्हताच. सज्जन पहिल्या पानापासून सज्जन, दुर्जन शेवटच्या पानापर्यंत दुर्जन. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, माझ्याही घरात वाचली गेली, आणि तिची ओढ मला मान्य आहे. पण वाचकाला कोणाविषयी मत बदलावं लागावं अशी तिची रचना नाही. मत बदलायला लावणारी माणसं मराठी कादंबरीत मोठ्या प्रमाणात आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि आली महाभारतातून. आपली कल्पित मध्ययुगाची भूक कल्पित राज्यांनी भागवली नाही. ती हस्तिनापुराने भागवली.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ची. बाजूला दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (१९६७). पंधरा वर्षांत इतकं काम झालं. सदोष पात्राकडे कसं पाहायचं याचे मराठीतले जवळजवळ सगळे धडे या पाच पुस्तकांत आहेत. चुकीचे धडेसुद्धा.

‘मृत्युंजय’पासूनच सुरुवात करतो, कारण खानदेशातल्या शाळा-कॉलेजांत पुस्तकं वाचणाऱ्या कोणालाही कर्णाविषयी विचारा, तो व्यासांचा कर्ण सांगत नाही, सावंतांचा सांगतो. कादंबरीत सहाजण स्वतःच्या तोंडाने बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. आई, बायको, भाऊ, मित्र आणि शेवटी साक्षात भगवंत. कर्णावर प्रेम करणाऱ्या किंवा त्याचं मोठेपण जाणणाऱ्या माणसांची ही यादी आहे. द्रौपदीचं प्रकरण त्यात नाही.

महाभारताच्या सभापर्वात दुर्योधनाचा भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो तेव्हा त्याला गप्प करणारा कर्ण आहे. तिला हलका शब्द वापरणारा कर्ण आहे. पांडवांची आणि तिची वस्त्रं उतरवायला सांगणाराही कर्णच आहे. व्यासांनी हे लपवलेलं नाही, आणि तेवढ्यावर त्याला फेकूनही दिलेलं नाही. उद्योगपर्वात हाच कर्ण कृष्णाजवळ कबूल करतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना कटू बोललो आणि त्याचा आपल्याला ताप होतो. दोष आहे, दोषाची जाणीव आहे, आणि तरीही निष्ठा सुटत नाही. एवढा मोठा माणूस मूळ ग्रंथात तयार उभा असताना त्याला निर्दोष करण्याची गरज का पडावी? सावंतांच्या कर्णाने मराठी वाचकाला खूप दिलं. जन्मावरून हिणवल्या गेलेल्या माणसाचं दुःख त्यांनी घरोघर पोचवलं, आणि ते काम लहान नाही. पण त्याचबरोबर त्यांनी वकिलीची सवय लावली. सदोष पात्र म्हटलं की त्याचं वकीलपत्र घ्यायचं, बालपणाच्या जखमा दाखवायच्या, समाजाने केलेला अन्याय मोजायचा, आणि त्या पात्राने ज्याला जखम केली त्याला साक्षीला बोलवायचंच नाही. दुर्योधन, रावण, कैकेयी, शकुनी, कोणाचीही ‘बाजू’ मांडणारं नवं पुस्तक हातात घेतलं की मी आता आधी साक्षीदारांची यादी पाहतो.

‘ययाति’ या कसोटीवर जास्त टिकते. खांडेकरांची भाषा आज जड वाटते, सुभाषितांचा भार होतो. पण त्यांनी ययातीच्या जोडीला देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं. ज्या दोघींचं आयुष्य या माणसाच्या वासनेपायी वाकडंतिकडं झालं, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय ययातीविषयी मत करता येत नाही. तारुण्य देऊन बसणाऱ्या पुरूला मात्र तिथेही प्रकरण नाही, आणि ते मला खुपतं.

‘युगान्त’मध्ये कर्वेबाईंनी वेगळीच गोष्ट केली. भीष्मावरच्या लेखात त्या प्रतिज्ञेचं कौतुक करत बसत नाहीत. त्या प्रतिज्ञेपायी आणि त्यानंतरच्या कुलरक्षणापायी कोणकोणत्या बायकांची आयुष्यं वापरली गेली ते मोजतात. अंबा, अंबिका, गांधारी, कुंती, माद्री. ‘मयसभा’ या लेखात त्या खांडववनाकडे वळतात, आणि तिथे कृष्ण आणि अर्जुन हे आपले लाडके दोघे जळत्या वनातून पळणाऱ्या जिवांना परत आगीत ढकलताना दिसतात. त्या कोणाला फाशी देत नाहीत आणि कोणाला सोडवतही नाहीत. किंमत कोणी चुकवली, एवढं विचारतात. सदोष पात्राच्या समीक्षेसाठी याहून चांगला प्रश्न मला मराठीत सापडलेला नाही.

हा प्रश्न घेऊन बाहेरच्या कल्पित मध्ययुगात गेलं की मोठे लेखक आणि नुसते खपणारे लेखक वेगळे दिसायला लागतात. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, तिच्यावरची टीव्ही मालिका २०११ ते २०१९ चालली, आणि जळगावच्या वसतिगृहांतली मुलंसुद्धा तिच्यावर तासन्‌तास भांडली. त्यातला जेमी लॅनिस्टर आपलं गुपित फुटू नये म्हणून एका लहान मुलाला मनोऱ्याच्या खिडकीतून ढकलून देतो. पुढे त्याचा हात तोडला जातो. मग कळतं की ज्या राजाला मारल्यामुळे लोक त्याच्यावर थुंकतात, तो राजा सगळं शहर जाळायला निघाला होता. वाचक विरघळतो. पण मार्टिनने प्रस्तावनेनंतरचं अगदी पहिलं प्रकरण त्या मुलाला, ब्रॅनला, दिलेलं आहे. जेमीला स्वतःचा आवाज मिळतो तो तिसऱ्या पुस्तकात, २००० साली. तोपर्यंत आपण त्या पांगळ्या झालेल्या पोराच्या डोळ्यांनी कितीतरी जग पाहिलेलं असतं. जेमीविषयी माया वाटली तरी ती खिडकी विसरायची मुभा आपल्याला राहत नाही. मार्टिनच्या हिंसेच्या हौसेवर माझे आक्षेप आहेत, बायकांवरच्या अत्याचारांची वर्णनं त्याला गरजेपेक्षा जास्त लागतात. ही रचना मात्र प्रामाणिक आहे.

टॉल्किनचं जग वरवर काळं-पांढरं वाटतं. मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेली त्याची अंगठीची कादंबरी नीट वाचली तर दिसतं की शेवटच्या क्षणी नायक फ्रोडो नष्ट करायला आणलेली अंगठी टाकत नाही, स्वतःची म्हणतो. काम होतं ते त्या अंगठीला हपापलेल्या गॉलमच्या हावेमुळे. नायकाची हार इतक्या स्पष्टपणे लिहूनही कोणी फ्रोडोला दोष देत नाही, कारण ओझ्याचं वजन आपण पानोपानी त्याच्याबरोबर वाहिलेलं असतं. त्याचा सोबती बोरोमीर अंगठी हिसकावायला जातो, मग दोघा छोट्या सोबत्यांना वाचवताना मरतो आणि मरता मरता आपला गुन्हा सांगतो. त्याच्या मरणाने गुन्हा पुसला जात नाही. नंतर त्याच्या भावासमोर बसलेल्या फ्रोडोला काय सांगावं आणि काय झाकावं हे कळत नाही, इतका तो ताजा राहतो.

हे सगळं परदेशातून शिकायची आपल्याला गरज होती असं मात्र नाही. पहूरहून फर्दापूरच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात अजिंठ्याचा डोंगर येतो. पहूरला जी वाघूर वाहते, तीच लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेते. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा रंगवलेली आहे. हा माणूस दानाच्या व्रतापायी राज्याचा हत्ती देतो, देशोधडीला लागतो, आणि वनात एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला, जूजकाला, आपली दोन लेकरंही देऊन टाकतो. आई फळं गोळा करायला गेलेली असताना. पाली जातकात ती मुलं भिऊन कमळाच्या तळ्यात लपतात आणि बापच त्यांना हाक मारून बाहेर काढतो. पुढे मुलगी रडत सांगते की हा आम्हाला मारतो. कथा बोधिसत्त्वाची आहे, त्याच्या दानपारमितेची थोरवी सांगणारी. तरी तिने लेकरांचं तोंड बंद केलं नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नेमका हाच प्रश्न विचारतो, की दुसऱ्यांना दुःख देऊन केलेलं दान चांगलं कसं? नागसेन उत्तर देतो, आणि ते उत्तर पटण्याजोगं आहे की नाही यावर वाद घालता येतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रश्न तेव्हाच विचारला गेला. ‘त्या काळी तसंच चालायचं’ म्हणणाऱ्यांनी सतराव्या लेण्यात जाऊन यावं. चित्रकाराने पडक्या दातांचा, हावरट डोळ्यांचा जूजक मुलांच्या आजोबाकडून पैसे घेताना रंगवला आहे. त्या पैशाकडे पाहणाऱ्याला राजपुत्राचं दान मोकळ्या मनाने वाखाणता येत नाही.

पडद्यावर अलीकडे काय झालं ते थोडक्यात सांगतो. ‘बाहुबली’ने २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं अख्ख्या देशाला राजनिष्ठ कट्टप्पाने नायकावर वार का केला या प्रश्नावर टांगून ठेवलं. इतका मोठा नैतिक प्रश्न गावोगावच्या पारावर चघळला जावा ही मोठीच गोष्ट होती. उत्तर मात्र ‘राजमातेचा हुकूम’ एवढ्यावर आटोपलं. मरणाऱ्यानेच विश्वासाने पुढची जबाबदारी सोपवली आणि कट्टप्पा मोकळा झाला. भीष्माला कर्वेबाईंनी जे विचारलं ते त्याला कोणी विचारलं नाही. त्याउलट राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). भाषा हिंदी, पण नारायण धारपांच्या कथेतून उगवलेलं जग पूर्ण मराठी. नायक विनायकच्या हावेला तिथे गरिबीचं कारण आहे, सबब नाही. त्याचा निकाल त्याचा मुलगाच लावतो, बापाने पुढे केलेलं धन नाकारून.

जी. ए. कुलकर्णी या यादीत नीट बसत नाहीत. धारवाडला बसून त्यांनी ‘रमलखुणा’त (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा लिहिल्या. कोणत्याही नकाशावर न सापडणारं प्राचीन जग, इतक्या ताकदीने उभं केलेलं मराठीत दुसरं नाही. त्यांची माणसं सदोष आहेत, क्रूर आहेत, पण त्यांच्यावर नियतीचा भार इतका असतो की दोष कोणाचा हे विचारायचं भानच राहत नाही. वाचताना मी भारावतो. पुस्तक मिटल्यावर मात्र वाटतं की नियती हा फार मोठा वकील आहे, आणि तो सगळ्यांचंच वकीलपत्र घेतो.

आज मराठीत कल्पित राज्यांच्या कथा पुन्हा लिहिल्या जाऊ लागल्या आहेत. लिहिणाऱ्या मुलामुलींनी सदोष नायकासाठी मार्टिनच्या वेस्टेरॉसला जायचं कारण नाही. असीरगड आज मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, पण तो जुन्या खानदेशचा दरवाजा. इतिहासकार फिरिश्त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे तिथे आसा अहिर नावाचा धनवान गवळी राजा होता. दुष्काळात त्याच्या दयाळू बायकोच्या आग्रहाने धान्याची कोठारं गोरगरिबांसाठी उघडली गेली. १४००च्या सुमारास खानदेशच्या गादीवरच्या नसीरखान फारुकीने त्याच्याकडे शत्रूच्या भीतीने आपल्या बायकामुलांसाठी आसरा मागितला. पहिल्या डोल्यांतून खरोखरच बायका आल्या, त्यांचं आगतस्वागत झालं. मागून आलेल्या डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते, आणि स्वागताला पुढे आलेला आसा मुलांसकट मारला गेला. घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेली ही हकिकत आहे, तिच्यात दंतकथा किती हे इतिहासकार पाहतील.

कादंबरीकाराने मात्र हे पाहावं की डोल्यांतून शिपाई नेण्याची हीच युक्ती जायसीच्या ‘पद्मावत’मध्ये (१५४०) गोरा-बादलांचा पराक्रम म्हणून गाजते. तिथे ती कैद करणाऱ्यावर चालवली आहे. इथे आसरा देणाऱ्यावर. हाच नसीरखान पुढे १४३७पर्यंत राज्य करतो, सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवतो. भक्त, नगर वसवणारा, आणि यजमानाचा खून करणारा, असा एकच माणूस. त्याच्यावर कोणी लिहिलं तर त्याची बाजू जरूर मांडावी, गडाशिवाय त्याचं राज्य टिकलं नसतं हेही सांगावं, म्हातारपणी त्याला झोप लागत होती की नाही ते त्याच्याच तोंडून येऊ द्यावं. पहिलं प्रकरण मात्र कोठारं उघडायला लावणाऱ्या त्या बाईचं असावं, आणि पहिल्या डोलीतून उतरलेल्या पाहुणीला तिने काय विचारलं ते त्यात असावं.