दोनशे शब्दांचे वाङ्मय

मृत्युलेखाला आपल्याकडे वाङ्मयात जी काही जागा मिळाली ती मुख्यतः आचार्य अत्र्यांमुळे. थोर माणूस गेला, की अत्रे काय लिहितात याची महाराष्ट्र वाट पाहत असे. परंतु थोर नसलेला माणूस गेला म्हणजे त्याच्यावर चार ओळींची जी निधनवार्ता छापून येते, तिच्याकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. आणि पाहावे तरी कशासाठी? तिच्यात माणूस नसतोच. ‘अल्पशा आजाराने’, ‘मनमिळाऊ स्वभावाचे’, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ – नाव तेवढे बदलावे, वार्ता तीच.

ज्या निधनवार्तांविषयी मी लिहिणार आहे, त्या वरवर पाहता याच घाटाच्या आहेत. कुठे जन्मला, काय करीत होता, कधी गेला, मागे कोण. त्या अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या ‘बे एरिया रिपोर्टर’ या साप्ताहिकात छापल्या गेल्या. हे पत्र १९७१ साली निघाले. तिथल्या समलिंगी वस्तीचे ते पत्र. फुकट वाटले जाणारे, बारमध्ये आणि दुकानांत गठ्ठ्याने पडून असणारे. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या एका विचित्र न्यूमोनियाची नोंद अमेरिकन सरकारच्या आरोग्यपत्रिकेत आली आणि ज्या रोगाला पुढे एड्स हे नाव मिळाले त्याचा जगाला प्रथम सुगावा लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत या साप्ताहिकाच्या निधनवार्ता काही ओळींवरून रकान्यावर आणि रकान्यावरून पानांवर गेल्या. तिथल्या समलिंगी समाजाची इतिहाससंस्था १९८५ साली स्थापन झाली. तिने या वार्ता जतन केल्या असून आज त्या कोणालाही चाळता येतात. माझे इंग्रजी शाळेपुरते. पण या मजकुराला तेवढे पुरते, आणि हा मला त्याचा पहिला गुण वाटतो.

एका नियमाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. वार्तांची संख्या फार वाढली तेव्हा संपादकांनी मर्यादा घातली: मजकूर दोनशे शब्दांच्या आत असावा, आणि, कृपा करून, कविता पाठवू नयेत. पहिल्यांदा वाचताना हे निर्दय वाटते. ज्याचा माणूस कालपरवा गेला त्याला शब्द मोजायला सांगायचे, आणि वर कविता नको म्हणून बजावायचे! परंतु निबंधाच्या वह्या तपासण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला या नियमाचे मर्म कळायला वेळ लागत नाही. शोकात बुडालेल्या माणसाला कविता म्हणून जी सुचते ती बहुधा दुसऱ्याची असते. ती काढून घेतली म्हणजे त्याच्या हाती आपल्या माणसाखेरीज काही उरत नाही. मग तो लिहू लागतो, की हा अमुक साली कान्सासच्या एका खेड्यातून इथे आला. उपाहारगृहात वाढण्याचे काम करी. पुरुषांच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गाई. पत्त्यांत हरला की चिडे. त्याचे मांजर आता अमक्याकडे आहे. हा नमुना मी अनेक वार्तांवरून जुळवला आहे, कोणा एकाचा नव्हे. हे मांजर मला फार मोलाचे वाटते. आपल्या निधनवार्तेत मांजर कधी येत नाही, कारण ती लिहिणाऱ्याला ते ठाऊकच नसते.

म्हणजे प्रश्न लिहिणारा कोण, हा आहे. निधनवार्ता घरच्या माणसांनी द्यावयाची असा सर्व जगाचा रिवाज. इथे ती दिली मित्रांनी, ज्यांनी उशाशी रात्री काढल्या त्यांनी. कित्येकदा एकाच माणसाच्या दोन निधनवार्ता निघाल्या. एक आईवडिलांच्या गावी, तिथल्या वर्तमानपत्रात: दीर्घ आजाराने निधन, अविवाहित होता, मागे आईवडील आणि एक बहीण. दुसरी या साप्ताहिकात: एड्सने गेला, आणि मागे त्याचा प्रियकर. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एकाच नावाची दोन निरनिराळी माणसे वारली की काय असे वाटावे. पहिल्या वार्तेतले एकही विधान खोटे नाही, आणि तरीही ती सबंध खोटी आहे. ‘अविवाहित’ हा शब्द कायद्याने अगदी बरोबर होता. एखाद्या कादंबरीकाराला पानेच्या पाने लागतील असा हा विरोध येथे एका शब्दाने साधला आहे, आणि तोही लिहिणाऱ्याच्या नकळत.

‘प्रियकर’ हा शब्द निधनवार्तेत वाचताना आपण दचकतो. तो प्रेमकथेतला, फार तर पोलिसांच्या बातमीतला. पण त्या वेळी त्यांच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता. ‘पती’ म्हणण्याची सोय नव्हती, ‘मित्र’ म्हटले तर काहीच सांगितले जात नव्हते. म्हणून हा शब्द, ‘मागे कोण’ या सर्वांत निर्जीव वाक्यात, बहिणीच्या आणि भाच्यांच्या रांगेत आणून बसवला. पुष्कळदा तर तो रांगेत पहिला. हे वाक्य या माणसांनी पुन्हा नव्याने लिहिले असे मी म्हणतो ते या अर्थाने. त्यात प्रियकर आला, आधीचा प्रियकरही आला, घरात राहणारे मित्र आले, शुश्रूषा करणारी परिचारिका आली, मांजर आले. नाते म्हणजे काय याची व्याख्या कोणी परिषद भरवून केली नाही. ती आठवड्यामागून आठवडा एका फुकट वाटल्या जाणाऱ्या पत्राच्या मागल्या पानांवर होत गेली.

याच शहरात थॉम गन हा इंग्रज कवी राहत होता. आपल्या गेलेल्या मित्रांवरील त्याच्या कविता १९९२ साली ‘द मॅन विथ नाइट स्वेट्स’ या संग्रहात आल्या. त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या वळणाच्या, छंदात व यमकात बांधलेल्या आहेत. शिस्तीची गरज त्यालाही वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो थोर कवी खराच. पण त्याच्या मित्रांखेरीज जे हजारो गेले त्यांच्यासाठी कवी नव्हता. त्यांच्यासाठी दोनशे शब्द होते.

दुसरे होते ते कापड. त्या स्मारकाची कीर्ती एवढी आहे, की या छोट्या वार्ता तिच्याखाली झाकल्या जातात. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी हार्वी मिल्क हा समलिंगी नगरसेवक आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचा खून झाला. दरवर्षी त्या दिवशी मेणबत्त्यांची मिरवणूक निघे. १९८५ च्या मिरवणुकीच्या सुमारास क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला कळले, की शहरात एड्सने गेलेल्यांची संख्या एक हजारावर पोचली आहे. त्याने लोकांना आपापल्या मृतांची नावे पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितले, आणि ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. भिंत त्याला गोधडीसारखी दिसली. पुढे १९८७ मध्ये त्याने आपला मित्र मार्विन फेल्डमन याच्या नावाचा पहिला तुकडा केला. तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम अंथरली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज सुमारे पन्नास हजार आहेत आणि वजन ५४ टन. जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पांचगणीच्या शाळेत शिकलेला फारोख बलसारा, त्याच्या नावाचे तुकडेही तिच्यात आहेत, आणि त्यांचे मापही इतरांच्या तुकड्यांएवढेच.

गोधडी काय असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. गेलेल्या आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून आपल्यातले कित्येक वाढले. या गोधडीतही मृतांचे सदरे आहेत, विजारी आहेत, टोप्या आहेत. पण आपली गोधडी पांघरायची असते. ती विटते, फाटते, तिच्यावर नवा थर चढतो, आणि मृत माणूस असा जिवंतांच्या अंगाला लागत राहतो. ही गोधडी अंथरून लांबून पाहावयाची आहे. पांढरे कपडे घातलेले स्वयंसेवक ती विधिपूर्वक उलगडतात, नावे मोठ्याने वाचली जातात, लोक मधल्या वाटांवरून हिंडतात आणि रडतात. तिच्या भव्यतेबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तिच्या गोडव्याबद्दल. कापडावर अक्षरे शिवायची म्हणजे शब्द थोडे आणि ते बहुधा प्रेमाचेच निघायचे. इंद्रधनुष्ये, हृदये, अस्वलाची खेळणी. एवढे तुकडे एकत्र पाहिल्यावर माणसे कमी आणि प्रेमच जास्त दिसू लागते.

याला एक अपवाद आहे, आणि तो एकटाच पुष्कळांना भारी आहे. रॉय कोन हा मॅकार्थीचा उजवा हात; कम्युनिस्टांबरोबर समलिंगींनाही नोकऱ्यांतून हुसकावण्यात पुढे असलेला, आणि स्वतः समलिंगी असून ते अखेरपर्यंत नाकारणारा वकील. तो २ ऑगस्ट १९८६ रोजी एड्सनेच गेला, तेही नाकारीत. त्याच्या नावाचा तुकडा कोणीतरी शिवला आणि त्यावर तीनच शब्द लिहिले: दांडगा, भित्रा, बळी. शत्रूलाही तेच माप दिले, त्याचे पाप सांगितले, आणि तिसऱ्या शब्दाने त्याला आपल्यात घेतले. अत्र्यांनीसुद्धा या तीन शब्दांना दाद दिली असती.

गोधडीवर त्या काळीच आक्षेप निघाले. रडण्यात रग जिरून जाते, असे लढाऊ कार्यकर्ते म्हणत. डग्लस क्रिम्प या टीकाकाराने १९८९ च्या आपल्या निबंधात त्यांना उत्तर दिले, की शोक आणि लढा यांत एकाची निवड करण्याचे कारण नाही, दोन्ही लागतात. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एकीकडे गोधडी अंथरलेली असताना दुसरीकडे काही जणांनी आपल्या माणसांची खरीखुरी रक्षा नेऊन अध्यक्षांच्या निवासाच्या कुंपणावरून आतल्या हिरवळीवर टाकली. त्या रक्षेचे रसग्रहण करण्याची माझी छाती नाही.

निधनवार्तांचेही दोष सांगितले पाहिजेत. ‘शौर्याने झुंजला’ हे वाक्य त्यांत इतक्या वेळा येते, की जो न झुंजता, घाबरून, चिडून, डॉक्टरांना शिव्या देत गेला त्याचीच मला काळजी वाटू लागली. भांडणे नाहीत. उधारी नाही. यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की वार्ता छापून येण्यासाठी ती पाठवणारा कोणी असावा लागतो. ज्याला मित्र होते, ज्याच्या मित्राला लिहिता येत होते, ज्याच्या घरी ते पत्र येत होते, त्याचीच वार्ता आली. फुटपाथवर गेलेला, सुईतून रोग घेतलेला, दुसऱ्या वर्णाचा, पुरुषाची स्त्री झालेली, यांतले किती त्या पानांवर पोचले असतील? पाने चाळताना गोरे, हसरे, तिशीतले चेहरेच डोळ्यांपुढून जातात. आठवण ठेवणे हीसुद्धा एक मालमत्ता आहे. ती सर्वांना सारखी वाटली गेलेली नाही.

१३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात या साप्ताहिकाने पहिल्या पानावर भल्यामोठ्या टाइपात दोन शब्द छापले: निधनवार्ता नाहीत. एड्सच्या मृत्यूची एकही वार्ता न आलेला, सतरा वर्षांहून अधिक काळातला तो पहिला आठवडा. १९९६ पासून औषधांचे नवे मिश्रण मिळू लागले होते, त्याचा हा परिणाम. मृत्यू थांबले होते असे नव्हे; औषध ज्यांना मिळत नव्हते ते मरतच होते. पण या सबंध वाङ्मयात त्या दोन शब्दांच्या तोडीचे मला दुसरे काही आढळले नाही. त्यांना अर्थ येतो तो आधीच्या हजारो वार्तांनी. सुटे वाचले तर ते दोन निरर्थक शब्द आहेत.

राहता राहिला तो ‘अविवाहित’. ओहायो राज्यात जॉन आर्थर हा गृहस्थ मरणपंथाला लागलेला होता. रोग वेगळा, मज्जातंतूंचा. त्याने आणि जिम ओबर्गफेल याने जुलै २०१३ मध्ये मेरीलँडच्या विमानतळावर, विमानातच, लग्न केले, कारण आपल्या राज्यात ते करता येत नव्हते आणि रोग्याला विमानातून उतरवता येत नव्हते. ओहायोच्या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या नावापुढे ‘अविवाहित’ लागणार होते आणि हयात जोडीदाराचा रकाना कोरा राहणार होता. त्या रकान्यासाठी ते न्यायालयात गेले. आर्थर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो याच खटल्यात. सबंध देशात समलिंगी विवाह कायदेशीर झाले म्हणून तो निकाल सर्वांना ठाऊक आहे. पण मुळात तो निधनवार्तेतल्या एका वाक्याचा खटला होता. ज्यांनी १९८५ मध्ये त्या वाक्यात ‘प्रियकर’ लिहिले, त्यांनी तो तीस वर्षे आधीच दाखल करून ठेवला होता असे मी समजतो.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रातल्या शोकसंदेशाची चौकट अजून जुनीच आहे. वर फोटो, खाली ‘शोकाकुल’, मग भाऊ, भावजया, पुतणे, समस्त अमुक परिवार. ज्याने वीस वर्षे एका घरात काढली, दवाखान्याच्या कागदावर सही करताना ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ या प्रश्नाशी जो अडखळला, त्याला त्या चौकटीत शोधायचे असेल तर अगदी शेवटच्या ओळीत जावे लागते. तिथे ‘आणि मित्रपरिवार’ असे लिहिलेले असते.