शाळेची परवानगी आणि लोकसंमती : स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाची चिकित्सा (कोपरगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रात गावातील दारूचे दुकान बंद करावयाचे असल्यास मतदारांना गुप्त मतदानाचा मार्ग उपलब्ध आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ही पद्धत ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे. त्याच गावात नवी शाळा निघावी की नाही, याविषयी मात्र मतदारांचा कौल घेतला जात नाही. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ नुसार संस्था शासनाकडे अर्ज करते, जागा व ठेवीच्या अटी पूर्ण करते आणि शासन परवानगी देते. डिसेंबर २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीने कंपन्यांनाही हे दार खुले झाले. या व्यवस्थेतील लोकसंमतीच्या अभावाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत सार्वजनिक निधीवर, परंतु स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या 'चार्टर' शाळांचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला. वॉशिंग्टन राज्यात हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. तेथील मतदारांनी तीन वेळा नकार दिल्यानंतर २०१२ मध्ये अल्प बहुमताने होकार दिला. तथापि २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. या शाळांचे नियंत्रण निवडून आलेल्या मंडळाकडे नाही, म्हणून त्या 'सामान्य शाळा' ठरत नाहीत व त्यांच्यासाठी राखलेला निधी त्यांना मिळू शकत नाही, असा निर्णयाचा आशय होता. एकदाच घेतलेला कौल आणि सातत्याचे उत्तरदायित्व या दोन भिन्न बाबी आहेत, हे तत्त्व येथे अधोरेखित होते.

कोपरगावचा संदर्भ

कोपरगाव तालुक्यातील शिक्षणाचा विस्तार गोदावरीच्या कालव्यांवर उभा राहिलेल्या ऊसशेतीपासून वेगळा काढता येत नाही. रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आणि कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातील शिक्षणसंकुले हे त्याचे ठळक दाखले होत. सहकारात एका सभासदास एकच मत असते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यास प्रश्न विचारता येतो. राज्याच्या साखरपट्ट्यात ऊसदरातील कपातींतूनही शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. या अर्थाने सभासदांची संमती हे लोकसंमतीचेच एक देशी रूप होय.

परंतु या रूपाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सभासदत्व ऊस उत्पादकाचे असते. भूमिहीन शेतमजूर त्या सभेबाहेर राहतो. हंगामापुरत्या आलेल्या ऊसतोडणी कामगाराचे नाव तर स्थानिक मतदारयादीतही नसते. शाळेची सर्वाधिक गरज ज्यांच्या मुलांना आहे, तेच निर्णयप्रक्रियेत अनुपस्थित असतात.

बहुमताच्या मर्यादा

म्हणून मतदान हा सर्व प्रश्नांवरील उपाय मानता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. तत्कालीन समाजाचा कौल घेतला असता, तर असे सहजीवन मंजूर झाले असते असे म्हणणे कठीण आहे. काही शाळा बहुमताच्या पुढे चालण्यासाठीच जन्माला येतात. शिक्षणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याने तो मतपेटीच्या स्वाधीन करता येत नाही.

तथापि याचा अर्थ लोकांचे म्हणणेच ऐकू नये, असा होत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळांना मात्र हे कलम लागू नाही. परिणामी, ज्या शाळेत पालक स्वतः शुल्क भरतो, तेथेच या समितीद्वारे मिळणारा त्याचा आवाज कायद्याने हिरावला जातो. शिवाय नव्या शाळेमुळे जिल्हा परिषद शाळेचा पट घटला, तर तिचे अस्तित्वही धोक्यात येते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचा २०२३ मधील प्रस्ताव या धोक्याची जाणीव करून देतो. नवी शाळा न निवडणाऱ्या कुटुंबालाही तिची किंमत मोजावी लागते. मग त्याचे मत विचारात का घेतले जाऊ नये?

निष्कर्ष

१) परवानगीपूर्वी ग्रामसभेत वा प्रभागात जाहीर सुनावणी व्हावी आणि जवळच्या शाळांच्या पटावर होणारा संभाव्य परिणाम तेथे मांडला जावा.

२) ग्रामसभेचा अभिप्राय सल्लावजा असावा; मात्र तो नाकारताना शासनाने लेखी कारणे द्यावीत. वंचित घटकांसाठीची शाळा केवळ बहुमताने अडविता येऊ नये.

३) स्वयंअर्थसहाय्यित शाळांनाही पालकबहुल व्यवस्थापन समिती बंधनकारक करावी.

४) स्थलांतरित कामगारांच्या पाल्यांचे म्हणणे मतदारयादीचा विचार न करता नोंदविले जावे.

शाळा गावात असणे आणि शाळा गावाची असणे यांतील अंतर केवळ परवानगीच्या कागदाने मिटत नाही. ते मिटविण्याची तरतूद २०१२ च्या अधिनियमात असणे आवश्यक होते. ती उणीव दुरुस्तीने भरून काढणे आजही शक्य आहे.