महंमद तुघलकाची प्रतिमा आणि दौलताबाद : एक चिकित्सक पुनर्विचार

प्रस्तावना :
'तुघलकी कारभार', 'तुघलकी फर्मान' हे शब्दप्रयोग मराठीत इतके रुळले आहेत की, ते वापरताना त्यामागे एक ऐतिहासिक व्यक्ती आहे याचे भान सहसा राहत नाही. महंमद बिन तुघलक इ.स. १३२५ ते १३५१ या काळात दिल्लीच्या तख्तावर होता. देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेण्याचा त्याचा १३२७ चा निर्णय सर्वांत अधिक गाजला. हा निर्णय ज्या भूमीवर अमलात आला ती छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून अवघ्या १५ किलोमीटरवर आहे. असे असूनही मराठवाड्यातील वर्गांतून हा विषय बहुधा दिल्लीच्या नजरेतूनच शिकविला जातो. 'वेडा महंमद' या दोन शब्दांत तो संपतो आणि विद्यार्थ्यालाही पुढे प्रश्न पडत नाही. ही प्रतिमा कोणी घडविली, ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे आणि दौलताबादच्या बाजूने पाहिल्यास तिच्यात काय बदल होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समकालीन साधने व त्यांची मर्यादा :
तुघलकाविषयीची आपली माहिती मुख्यतः तीन लेखकांवर अवलंबून आहे. पहिला झियाउद्दीन बरनी. तो सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाच्या दरबारी होता. सुलतानाच्या मृत्यूनंतर त्याची मर्जी व वैभव दोन्ही गेले. 'तारीख-इ-फिरोजशाही' हा ग्रंथ त्याने वृद्धापकाळी, विपन्नावस्थेत १३५७ मध्ये पूर्ण केला. दरबारात असताना भीतीपोटी व लोभापोटी आपण सत्य बोललो नाही, अशी कबुली तो स्वतःच देतो. त्यामुळे त्याच्या लेखनात सुलतानाविषयीचा आदर, राग आणि स्वतःचा पश्चात्ताप एकमेकांत मिसळले आहेत. सुलतान हा परस्परविरोधी गुणांचे मिश्रण होता, हे त्याचे मत पुढील बहुतेक इतिहासकारांनी उचलले. मात्र ते मत कोणत्या मनःस्थितीत लिहिले गेले, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

दुसरा इसामी. दिल्ली सोडावी लागली तेव्हा तो कोवळ्या वयाचा होता आणि त्याचे नव्वदीतील आजोबा वाटेतच मरण पावले. ही जखम त्याच्या 'फुतूह-उस-सलातीन' या काव्यात आरंभापासून अखेरपर्यंत जाणवते. हे काव्य त्याने १३५० मध्ये पूर्ण केले ते सुलतानाविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या अलाउद्दीन हसन बहमनशहाच्या आश्रयाने. जुना सुलतान जितका काळा रंगवावा तितके नव्या राजवटीचे समर्थन होणार होते. अर्थात, हेतू राजकीय होता म्हणून आजोबांचा मृत्यू खोटा ठरत नाही.

तिसरा इब्न बतूता. तो दिल्लीत १३३४ मध्ये आला, म्हणजे स्थलांतरानंतर सुमारे सात वर्षांनी. दिल्लीत उरलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेले आणि शेवटी त्याचा केवळ पाय पोहोचला, ही प्रसिद्ध कथा त्याने ऐकून लिहिली आहे. तो स्वतः सुलतानाने नेमलेला काझी होता. भारत सोडल्यावर मोरोक्कोत परतून, सुलतानाच्या मृत्यूनंतर, त्याने आपला वृत्तान्त सांगितला. देणग्या देण्याची आणि रक्त सांडण्याची अशा दोन्ही हौशी या सुलतानात एकत्र होत्या, हे त्याचे निरीक्षण मात्र स्वानुभवातील आहे.

स्थलांतर : कथा आणि पुरावा :
दिल्ली पूर्णपणे ओस पडली, हे चित्र या तिघांमुळे रूढ झाले. आगा महदी हुसैन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजाला आव्हान दिले. दिल्ली परिसरातील १३२७ व १३२८ मधील संस्कृत शिलालेखांत तेथील नागरी जीवन चालू असल्याचे दिसते. दिल्ली व दौलताबाद या दोन्ही ठिकाणी नाणी पाडली जात होती आणि अरबी लेखक अल-उमरी या दोन्ही नगरांचा राजधान्या म्हणूनच उल्लेख करतो. म्हणजे दिल्ली मोडून दौलताबाद वसविण्यापेक्षा दक्षिणेत दुसरे सत्ताकेंद्र उभे करण्याचा हेतू अधिक संभवनीय वाटतो. १२९६ च्या अलाउद्दीन खलजीच्या स्वारीपासून देवगिरीवर दिल्लीची नजर होती. परंतु दक्षिण जिंकणे आणि ती दिल्लीहून सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. या अडचणीवर शोधलेला हा उपाय होता.

तथापि, हेतू समजला म्हणून कृतीचे समर्थन होत नाही. ज्यांना जावे लागले त्यांत सरदार, उलेमा, सूफी आणि त्यांच्या आश्रितांचा मोठा भरणा होता. त्यांना संमती कोणी विचारली नव्हती. इब्न बतूतालाही १३३४ ची दिल्ली विस्तीर्ण, पण विरळ वस्तीची दिसली. शहर ओस पडले नव्हते, पण खिळखिळे झाले होते, एवढे पुराव्यावरून म्हणता येते.

दौलताबादच्या बाजूने :
स्थलांतराचा हिशेब दिल्लीत मांडला तर केवळ नुकसान दिसते. तो दौलताबादेत मांडला तर वेगळ्या नोंदी सापडतात. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब या स्थलांतराच्या ओघात दक्षिणेत आले. १३३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि खुलताबादेत त्यांचा दर्गा उभा राहिला. 'फवाइद-उल-फुआद' लिहिणारे कवी अमीर हसन सिज्झी यांची कबरही खुलताबादेतच आहे. बुऱ्हाणुद्दीनांच्या शिष्यांनी त्यांची वचने येथेच लिहून ठेवली. उत्तरेकडून आलेल्या या लोकांच्या बोलीला मराठी, कन्नड व तेलुगू भाषकांचा शेजार मिळाला आणि पुढे दख्खनी बहरली.

सुलतानाला यातले काहीच अभिप्रेत नव्हते. त्याला दक्षिण हातात ठेवायची होती. पण ज्या अमीरांना त्याने येथे आणले त्यांनीच दौलताबादेत बंड केले आणि १३४७ मध्ये येथेच बहमनी राज्याची स्थापना झाली. राजकीय दृष्ट्या योजना फसली आणि सांस्कृतिक दृष्ट्या ती त्याच्या नियंत्रणाबाहेर जाऊन फळली. सुलतानाला दोष देणारे इसामीचे काव्यही याच विस्थापनातून जन्मले.

'वेडा' या विशेषणाची अडचण :
मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ च्या आपल्या भारताच्या इतिहासात या सुलतानाच्या बुद्धीत काही भ्रम असावा अशी शंका व्यक्त केली. या मताला लोककथाही पूरक ठरल्या. बीड येथे सुलतानाचा पडलेला दात समारंभपूर्वक पुरून त्यावर इमारत बांधली गेली, असे फिरिश्ता दोनशेहून अधिक वर्षांनी लिहितो आणि त्यात त्याला मूर्खपणा दिसतो. सांकेतिक नाण्यांचा प्रयोगही वेडाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः चीनमध्ये कागदी चलन चालत होते; कल्पना नवीन नव्हती. बनावट नाणी रोखण्याची व्यवस्था नव्हती, ही खरी चूक. प्रयोग फसल्यावर सुलतानाने हलकी नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी दिली. शब्द पाळण्याची ही किंमत वेड्याच्या हिशेबात बसत नाही.

याउलट त्याला काळाच्या पुढे गेलेला द्रष्टा ठरविणेही तितकेच सोयीचे आहे. बंडखोर आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्पची कातडी सोलण्यात आली; दुष्काळाच्या काळात दुआबातील शेतकऱ्यांवर वाढीव कराचा बोजा पडला आणि नंतर त्याच सुलतानाने शेतीसाठी कर्जे वाटली. गिरीश कार्नाडांच्या १९६४ च्या 'तुघलक' नाटकाचा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांनी केला. त्यामुळे आदर्शवादी आणि क्रूर असा हा द्विधा सुलतान मराठी वाचकांनाही परिचित झाला. परंतु तो नाटककाराचा तुघलक आहे. वर्गात त्याला पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

समारोप :
'वेडा' म्हटले की शासकाची जबाबदारी संपते, कारण वेड्याला जाब विचारता येत नाही. 'द्रष्टा' म्हटले की वाटेत मेलेल्या वृद्धाचा हिशेब पुसला जातो. दोन्ही विशेषणे अभ्यासकाचे काम सोपे करतात आणि म्हणूनच ती टाळणे इष्ट ठरते. महंमद तुघलक बुद्धिमान, निर्दय आणि अंमलबजावणीत अपयशी ठरलेला शासक होता. त्याच्या चुका समजण्याजोग्या आहेत, म्हणूनच त्यांचा जाब विचारता येतो. किल्ला पाहून परतणाऱ्या विद्यार्थ्याला खुलताबादेतील हसन सिज्झींची कबर आणि इसामीच्या आजोबांचा रस्त्यातला मृत्यू एकत्र सांगितले गेले, तर 'तुघलकी' हा शब्द वापरताना तो क्षणभर थांबेल. इतिहासाच्या अध्यापनाकडून एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.