‘सांडपाणी’ की ‘निचरा’? एका संज्ञेची चिकित्सा

मातीविना शेतीतील खतपाण्याच्या पुनर्वापराविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘सांडपाणी’ हा शब्द खटकतो. सांडणे म्हणजे टाकून देणे; टाकलेल्यात मोलाचे काही उरले असेल, ही शंकाच तो उपजू देत नाही. मैल्याला ‘सोनखत’ म्हणणाऱ्या भाषेस येथे शब्द सुचू नये, हे नवलच!

पुण्यानजीक तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांत नारळाच्या भुशावर जरबेरा घेतात. अशा पिकाच्या मुळांखालून झिरपणाऱ्या पाण्यास ‘निचरा’ हा शेतीतला शब्द तयारच आहे. त्यात नत्र, स्फुरद, पालाश विरघळलेले असतात.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. शहरी मैलापाण्यातील नत्र पुष्कळसे अमोनियमरूप असते; मॅग्नेशियम घालून त्यातून स्फुरदासह स्ट्रुवाइटचा साका मिळवता येतो. निचऱ्यातील नत्र मुख्यतः नायट्रेटरूप. तेथे बाहेरून अमोनियम घातल्याखेरीज हा साका पुरेसा बसत नाही, आणि बसला तरी नायट्रेट पाण्यातच राहते. दोहोंना एकच नाव देणारा लेखक एकाची रीत दुसऱ्यास सहज लावून मोकळा होतो.

निचरा गाळून, निर्जंतुक करून पुन्हा पिकास देता येतो. परंतु दर फेरीस त्यात सोडियम साठत जातो व अखेर काही भाग सोडून द्यावा लागतो. ‘सांडपाणी’ ही संज्ञा शोभेल ती त्या भागास.