मासळी गेली कुठे?

बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन गृहस्थ पोटासाठी आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत नोकरी करी आणि उरल्या वेळात भाषांचा अभ्यास. तो १९४१ साली वारला. त्याचे निवडक लेख १९५६ साली पुस्तकरूपाने निघाले. बोलण्याच्या सवयी विचारालाही वळण लावतात, हा त्याचा सिद्धांत. त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पेट्रोलच्या भरल्या पिंपाजवळ माणसे जपून वागतात. पण पिंप ‘रिकामे’ म्हटले की तिथेच बेफिकीर सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात भडका उडवणारी वाफ उरलेली असते!

हे पुस्तक डोक्यात घेऊन मी पालघरजवळच्या सातपाटीला गेलो. हे गाव पापलेटासाठी नावाजलेले. बंदरावर मासळी निवडणाऱ्या मावशींना विचारले, “यंदा पापलेट कसे काय?”

“आलंच नाही, दादा.”

मी चमकलो. आपल्या मराठीत भूक लागते, राग येतो. तशीच मासळीही येते, लागते आणि जाते. जणू मनस्वी पाहुणीच! दर्याचे देणे मानणारे हे नम्र बोलणे मला आवडते. पण पापलेट ‘गेले’ म्हटले की कोणी नेले, हा प्रश्नच उठत नाही. व्होर्फला पुरावा सापडला म्हणून मी खूष झालो.

मावशींनी तो आनंद टिकू दिला नाही. “तळहाताएवढी पिल्लं धरली, विकली. मोठं येणार कुठून? आपणच संपवलं.”

बाई तीच, मराठी तीच. कर्ता मात्र हजर! इथे व्होर्फ मला अपुरा वाटतो. पिंपातली वाफ डोळ्यांना दिसत नाही. सारा दोष एका शब्दावर कसा घालावा? भाषा वळण लावते खरे, पण ते मोडायचे शब्दही तीच पुरवते.

२०२३ साली पापलेटाला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. ‘मिळाला’ म्हटल्याने पिल्लू मोठे होत नाही. त्यासाठी कोळ्याने ‘मी मोठ्या भोकांचे जाळे घालतो’ म्हणावे लागते आणि गिऱ्हाइकाने ‘मी लहान घेत नाही’.

वाचकहो, ‘हल्ली मोठे पापलेट येत नाही’ हे वाक्य आमच्याही घरी रोजचे होते. परवा मी ते दुरुस्त केले: लहान पापलेट स्वस्त पडते, म्हणून ते मीच घेत होतो.