पाच मोहरांचा हिशेब

राणीचा खजिना समोर उघडा पडलेला असताना चरणदास त्यातून मोजून पाच मोहरा उचलतो आणि चालता होतो. चोरी झाल्याचं कळल्यावर खजिन्याचा मुनीम विचार करतो, चोराच्या नावावर आणखी पाच सहज खपतील. तोही पाच मोहरा लांबवतो. दहा गेल्याची बोंब होते. पुढे राणीसमोर उभा केलेला चोर सरळ सांगतो की मी पाचच घेतल्या. प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्याच क्षणी राणीची या माणसाकडे पाहण्याची नजर बदलते आणि चरणदासचं मरण ठरून जातं. ‘चरणदास चोर’मधला हा प्रवेश म्हणजे हबीब तन्वीर यांच्या दिग्दर्शनाचा अर्क आहे असं मला वाटतं. शोकांतिका ते हशाच्या पोटात ठेवतात आणि प्रेक्षकाला तिचा सुगावाही लागू देत नाहीत.

विजयदान देथा यांनी लिहिलेली ही मूळची राजस्थानी लोककथा. चोरी सोडायला तयार नसलेला चोर गुरूपुढे गंमतीत चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. भुरट्या चोराला या गोष्टी कोण देणार? गुरू पाचवी शपथ घालतो, खोटं बोलायचं नाही. मग त्या चारही अशक्य गोष्टी एकेक करून त्याच्या दाराशी येतात.

हे नाटक 1975 मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा तन्वीर पन्नाशीत होते. जन्म रायपूरचा, 1923 चा. पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात घेतली. मग मुंबईत आकाशवाणी आणि इप्टा ही नाट्यचळवळ. 1954 मध्ये दिल्लीत ‘आगरा बाजार’ करताना त्यांनी ओखल्याच्या गावकऱ्यांना रंगमंचावर उभं केलं. पुढे लंडनला रीतसर नाट्यशिक्षण झालं, बर्लिनला ब्रेख्तच्या मंडळीचे प्रयोग पाहून झाले. परतल्यावर त्यांनी ‘मृच्छकटिक’ हिंदीत ‘मिट्टी की गाड़ी’ म्हणून बसवलं, त्यात छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातले सहा नट घेतले. 1959 मध्ये मोनिका मिश्र यांच्यासोबत ‘नया थिएटर’ उभं केलं.

आणि इथून पुढची बरीच वर्षं अडखळत गेली. गावात रात्र रात्र गाजवणारे हे नट शहरातल्या रंगमंचावर आले की अवघडायचे. कारणं तन्वीर यांनी स्वतःच पुढे मोकळेपणानं लिहून ठेवली आहेत. ते नटांना हिंदी बोलायला लावत होते. शिवाय लंडनच्या शिस्तीत, या वाक्याला इथून तिथे जायचं, अशा हालचाली आखून देत होते. ‘नाचा’चा नट चहूबाजूंनी बसलेल्या लोकांत वाढलेला असतो. जिकडून दाद येते तिकडे तो वळतो आणि पुढचं वाक्य त्या माणसाला ऐकवतो. पूर्व विदर्भातली खडी गंमत किंवा आपला तमाशा ज्यानं मैदानात बसून पाहिला आहे, त्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. अशा नटाला खडूच्या रेघांवर चालवलं की त्याचं अंग आखडतं आणि विनोदाची वेळ चुकते. तन्वीर यांनी नटांची भाषा त्यांना परत दिली, प्रवेश उत्स्फूर्तपणे रचू दिले. 1973 ची रायपूरची कार्यशाळा या वळणावरची. ‘चरणदास चोर’ही भिलाईच्या कार्यशाळेतच आकाराला आलं.

म्हणजे दिग्दर्शक नुसता बाजूला झाला का? नाटक नीट पाहिलं तर तसं म्हणवत नाही. रंगमंचावर एक बसका चौथरा आणि मागे पानांची फांदी, बाकी काही नाही. याच जागेत रस्ता, मठ, देऊळ, दरबार. त्यामुळे दृश्य बदलायला वेळ लागत नाही आणि चोराची धाव थांबत नाही. चोर आणि त्याच्या मागावरचा हवालदार यांची जुगलबंदी ‘नाचा’मधल्या जोक्कडांच्या, म्हणजे विदूषकांच्या, जोडीसारखी रंगते. गोविंदराम निर्मलकर आणि मदनलाल यांच्यासारखे नट ती कितीही लांबवू शकले असते. ती जिथे तोडली आहे तिथे तन्वीर यांचा हात दिसतो. रात्रभर पसरणारा खेळ त्यांनी शहरी प्रयोगाच्या वेळात बसवला आणि तरी तो घाईचा वाटत नाही, ही कारागिरी मोठी आहे.

सगळ्यात धाडसाचं काम गाण्यांचं. सतनामी समाजाची पंथी नृत्य-गीतं त्यांनी नाटकात आणली. गुरू घासीदासांच्या या पंथात सत्य हाच देव. एका चोराच्या फजितीच्या गोष्टीला ही गाणी भिडली आणि खोटं न बोलण्याची चरणदासची खोड प्रेक्षकाला व्रतासारखी दिसू लागली. तन्वीर यांच्या निधनानंतर 2009 मध्येच छत्तीसगढ सरकारनं सतनामी गुरूच्या आक्षेपावरून या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या श्रद्धेला इतक्या आदरानं रंगमंचावर मान देणारी नाटकं फार नाहीत.

शेवटाकडे राणी लग्नाचं विचारते. चरणदास नाही म्हणतो. फिदाबाईंनी गाजवलेली ही राणी मग एवढंच मागते की हे कुणाला सांगू नकोस. इथे लेखणी आणि दिग्दर्शन दोन्ही कसाला लागतात. राणी आतापर्यंत देत होती, आता प्रथमच याचना करते. त्याला जीव वाचवायला एक छोटं मौन पुरेसं आहे, आणि तेवढंही पाचव्या शपथेत बसत नाही. ती शिपायांना बोलावते. मघापर्यंत हसणाऱ्या प्रेक्षकाला सावरायला वेळच मिळत नाही.

देथांच्या कथेत यापुढेही बरंच आहे: राणी गुरूलाच आपला जोडीदार करते आणि राज्य चालू राहतं. तो उपरोध झणझणीत आहे, पण तन्वीर यांनी तो सोडून दिला. लोककथेचा रोख राणीवर आणि गुरूवर जातो. त्यांना रोख चोरावर ठेवायचा होता, म्हणून चोराच्या मरणापाशीच गोष्ट थांबवून त्यांनी पंथी गाणाऱ्यांना पुढे येऊ दिलं.